लिनक्सवर माऊस पुन्हा पुन्हा बंद पडतो? नवा आणण्याआधी हे तपासा

"दादा, माऊस चालूनच नाही रायला."

एप्रिल-मे महिन्यांत हे वाक्य मी जवळजवळ रोज दुपारी ऐकायचो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या भागात आमचं गाव आहे. गावात छोटी अभ्यासिका आहे, तिथे सहा जुने कॉम्प्युटर आहेत आणि सहाही मशीनवर लिनक्स मिंट २१.३ टाकलेलं आहे. पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी तिथे सराव पेपर सोडवतात, फॉर्म भरतात. फॉर्मची शेवटची तारीख असावी, साइट आधीच रडतखडत चालावी आणि ऐन वेळी माऊस जावा, तेव्हा समोरच्या पोराच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

दोन उन्हाळे मी एकच उपाय करत राहिलो. तालुक्याला गेलो की नवा माऊस आणायचा. नवा माऊस आठ दिवस बरा चालायचा, मग त्याचीही तीच गत. दुकानदार म्हणायचा, लिनक्समध्येच काहीतरी असेल, विंडोज टाका. ते मला पटत नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. तिसऱ्या उन्हाळ्यात नीट बसून शोध घेतला, तेव्हा कळलं की बाजूला टाकलेल्या माऊसपैकी बहुतेक चांगले होते. आज ते पुन्हा वापरात आहेत.

कमांडबद्दल आधीच सांगून ठेवतो. फोनवर सांगतो तशा काही अक्षर-अक्षर, काही उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

माऊस उलटा करून पाहा

"माऊस बंद पडला" या तीन शब्दांत चार-पाच वेगवेगळे आजार असतात. म्हणून माऊस अडला की लगेच वायर उपटून पुन्हा लावू नका. उपटली की पुरावा जातो. आधी माऊस उलटा करा. खालचा लाल दिवा विझलेला आहे का? विझला असेल तर माऊसला वीज मिळत नाही किंवा कॉम्प्युटरने त्याला झोपवलं आहे. दिवा चालू आहे पण कर्सर हलत नाही, तर गोष्ट वेगळी. दिवा नुसता मंद झाला असेल तर काळजी नको, बरेच माऊस हात काढल्यावर स्वतःच दिवा मंद करतात. काही माऊसमध्ये डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो, त्यांच्यावर ही खूण चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. मी एक वही टेबलावर ठेवली आणि पोरांना सांगितलं की माऊस अडला की मशीनचा नंबर आणि वेळ लिहायची, बाकी काही नको. आठवडाभरात त्या वहीने जे दाखवलं ते मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. जवळजवळ सगळ्या नोंदी दुपारी बारा ते पाचमधल्या होत्या. मशीन एक, दोन आणि तीन यांच्या वेळा तर मिनिटासकट एकसारख्या होत्या. चार, पाच, सहाच्या नोंदी मोजक्याच. तीन वेगवेगळे माऊस एकाच मिनिटाला बिघडत नाहीत.

लिनक्सने सगळं लिहून ठेवलेलं असतं

माऊस लागला, निघाला, अडखळला, यातली प्रत्येक घटना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नोंदवून ठेवतो. ती नोंद डोळ्यांसमोर चालू ठेवायची कमांड अशी: एस-यू-डी-ओ (यालाच पुढे सुडो म्हणतो), स्पेस, जे-ओ-यू-आर-एन-ए-एल-सी-टी-एल, स्पेस, वजा चिन्ह आणि त्याला चिकटून के-एफ. पासवर्ड मागेल, तो टाइप करताना स्क्रीनवर काही दिसत नाही, पण टाइप होत असतो. आता ही खिडकी उघडी ठेवून काम करत राहायचं. माऊस अडला की शेवटच्या दोन-तीन ओळी वाचायच्या.

आणखी एक सोपी खूण आहे. एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरं टाइप केली की जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते आणि प्रत्येकीपुढे डिव्हाइस नंबर असतो. वस्तू निघून पुन्हा लागली की तिला पुढचा नंबर मिळतो. हे नंबर १२७ पर्यंत जातात, मग पुन्हा खालून सुरू होतात. सकाळी मशीन एकवरच्या माऊसचा नंबर ३ होता, चार वाजता पाहिला तर ३१. वायरला कोणी हातही लावला नव्हता, तरी माऊस दिवसभरात कितीतरी वेळा तुटून पुन्हा जोडला गेला होता. बहुतेक वेळा तो सेकंदाभरात परत येत होता, म्हणून कोणाच्या लक्षात येत नव्हतं. जेव्हा परत आला नाही, तेव्हाच आम्ही "मेला" म्हणत होतो.

नोंदीत आलेली ओळ देवनागरीत अशी वाचता येईल: "डिसेबल्ड बाय हब, ईएमआय, प्रश्नचिन्ह, री-एनेबलिंग". ईएमआय म्हणजे विद्युतचुंबकीय व्यत्यय. यूएसबीच्या पोर्टने माऊसशी संपर्क अचानक तोडला, बाहेरच्या विजेच्या गोंधळामुळे तसं झालं असावं असा कर्नलचा अंदाज आहे, आणि तो पोर्ट पुन्हा चालू करतो आहे, एवढा त्या ओळीचा अर्थ. प्रश्नचिन्ह कर्नलने स्वतःच घातलेलं आहे, कारण त्याला खात्री नसते. पण माझ्यासाठी तो अंदाज पुरेसा होता. मी माऊसकडे बघणं सोडलं आणि खोलीकडे बघायला लागलो.

कूलरचा पंप

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. कूलरशिवाय खोलीत बसणं शक्य नाही. पण कूलरचा पंप सतत चालू ठेवला तर खोलीत दमटपणा वाढतो, अंग चिकट होतं, कागद मऊ पडतात. म्हणून पोरं कूलरचा पंखा चालू ठेवतात आणि पंप थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद करतात. मशीन एक, दोन, तीन ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर होती, तो बोर्ड कूलरच्याच सॉकेटजवळून निघत होता.

मी नोंदीची खिडकी उघडून बसलो आणि एका पोराला फक्त पंपाचं बटण चालू-बंद करायला सांगितलं. दहा वेळा बंद केलं, त्यात सात वेळा ती ओळ उमटली. चालू करताना एकदाच. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

बंद करतानाच का, हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण उपाय त्यातूनच निघतो. पंपाच्या मोटरमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून चाललेला करंट एकदम तोडला की साठलेली ऊर्जा वाट शोधते, आणि बटणाच्या आतल्या दोन पट्ट्यांमध्ये ठिणगी पडते. जुनं बटण असेल तर अंधारात ती फटीतून दिसते. त्या ठिणगीचा क्षणभराचा झटका वायरिंगभर पसरतो. स्वस्त माऊसची वायर बारीक असते, तिच्यावर धातूच्या जाळीचं कवच बहुतेकदा नसतंच. ती वायर अँटेनासारखी हा झटका पकडते. यूएसबीचा संपर्क ५ व्होल्टवर चालतो आणि माऊसच्या डेटाच्या तारांवर तर त्याहूनही कमी व्होल्टेज असतं. तेवढ्याशा झटक्याने तो तुटतो.

फ्रिजचा कॉम्प्रेसर, जुनी ट्यूबलाइट, मिक्सर, वेल्डिंग मशीन यांच्याजवळही हेच होऊ शकतं. लाइन गेली आणि इन्व्हर्टरने भार घेतला, त्या क्षणीही होतं.

अर्थिंग, जे सगळ्यात शेवटी आठवतं

झटके सगळ्यांच्याच घरी येतात, मग सगळ्यांचे माऊस का मरत नाहीत? कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये असे झटके गाळणारी छोटी कपॅसिटरची रचना असते. ती नको असलेला करंट अर्थच्या तारेत सोडते. अर्थची तार कुठे पोचतच नसेल, तर तो करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. अर्थ नसलेल्या कॅबिनेटवर याच कपॅसिटरमुळे २३० च्या साधारण निम्मं व्होल्टेज दिसू शकतं. करंट अगदी थोडा असतो, पण अनवाणी पायांनी मागच्या स्क्रूला हात लावला की झिणझिण्या येतात. आमची पोरं दोन वर्षं सांगत होती, "दादा, डब्याले हात लावला का मुंग्या येतात." मी ते ऐकून सोडून दिलं होतं. ती माझी चूक होती. तुमच्याकडे कोणी असं म्हणालं तर त्याच दिवशी तपासून घ्या. इथे प्रश्न फक्त माऊसचा राहत नाही. ज्या खोलीत पोरं बसतात, तिथली सुरक्षितता त्यावर असते.

वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ असं तिन्ही मोजलं. अर्थ चांगला असेल तर पहिली दोन मापं जवळपास सारखी येतात आणि तिसरं अगदी थोडं, दोन-चार व्होल्टच्या आसपास. आमच्याकडे दुसरं माप पहिल्यापेक्षा कितीतरी कमी आणि डळमळतं येत होतं. हे मोजणं वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः तारा घालून बघू नका.

दोन दोष निघाले. एक्स्टेन्शन बोर्डाला भोकं तीन होती, पण आतली वायर दोनच तारांची. तिसरं भोक नुसतं दिसायला. बाजारातले स्वस्त बोर्ड असे निघतात, म्हणून विकत घेतानाच उघडून दाखवायला सांगा. दुसरा दोष अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात होता. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाइपभोवतीची माती सुकून सुटली होती, कोळसा आणि मीठ भरून कित्येक वर्षं झाली होती. कोरड्या मातीतून वीज जमिनीत नीट उतरत नाही. म्हणूनच हा त्रास उन्हाळ्यात वाढायचा आणि पाऊस पडला की आपोआप कमी व्हायचा. नवा माऊस "लागू पडला" असं मला जुलैमध्ये दोनदा वाटलं होतं, त्याचं कारण हे होतं.

काय केलं ते सांगतो. तीन तारांची चांगली वायर घालून बोर्ड नवा केला. खड्डा उकरून कोळसा-मीठ पुन्हा भरलं, आणि उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी त्यात दोन बादल्या पाणी घालायचं काम वाटून दिलं. कूलरची लाइन समोरच्या भिंतीवरून वेगळी घेतली. काकांनी पंपाच्या बटणावर कपॅसिटर आणि रेझिस्टरची जोडी लावली, जी ठिणगीची ऊर्जा शोषते. ती लावायची तर मेन लाइनसाठी बनवलेला एक्स-टू प्रतीचाच कपॅसिटर हवा, साधा लावला तर पेटू शकतो. दोन माऊसच्या वायरवर प्लगजवळ फेराइटचे, म्हणजे वायरमधला व्यत्यय अडवणारे, क्लिपवाले मणी बसवले, तेही उपयोगी पडतात. पण क्रम लक्षात ठेवा: आधी अर्थ, मग लाइन वेगळी, आणि मणी सगळ्यात शेवटी. गेल्या उन्हाळ्यात ती ओळ सहा मशीनवर मिळून दोनदाच आली, दोन्ही वेळा लाइन गेली त्या क्षणी.

दोन सेकंदांत झोपणारा माऊस

अभ्यासिकेत एक लॅपटॉपही आहे. त्याच्यावरचा त्रास अगदी वेगळा होता. हात काढला की दोन सेकंदांत माऊसचा दिवा पूर्ण विझायचा आणि हलवून जागा व्हायचा नाही, क्लिक करावं लागायचं. वाचता वाचता स्क्रोल करणाऱ्याला याचा फार जाच होतो.

याचं कारण वीज वाचवणं. लिनक्स न वापरलेली यूएसबी वस्तू झोपवू शकतो आणि त्याची ठरलेली वेळ दोन सेकंदच आहे. साधारणपणे माऊसला यातून वगळलेलं असतं. पण लोडशेडिंगमध्ये बॅटरी जास्त टिकावी म्हणून मी पॉवरटॉप हा वीज वाचवणारा प्रोग्राम टाकून त्याचं ऑटो-ट्यून सुरू केलं होतं, आणि ते माऊसलाही झोपेच्या यादीत घालतं. तुम्ही बॅटरी वाचवणारं काही टाकलं असेल तर संशय आधी तिथेच घ्या.

पॉवरटॉप सुडोने उघडा, टॅब दाबत ट्यूनेबल्सच्या पानावर जा, माऊसच्या ओळीवर एंटर दाबा. "गुड"चं "बॅड" होईल. घाबरू नका, ते फक्त विजेच्या हिशेबाने बॅड आहे. मशीन पुन्हा सुरू केल्यावर हा बदल टिकत नाही. ऑटो-ट्यून दर वेळी आपोआप चालावं म्हणून सर्व्हिस लावली असेल तर ती बंद करा. मी तेच केलं. सगळी मशीन विजेवरच चालत असतील तर कर्नलला सुरुवातीलाच हे झोपवणं बंद ठेवायला सांगता येतं. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये यूएसबीकोर, टिंब, ऑटोसस्पेंड, बरोबर चिन्ह, वजा एक असं सलग लिहायचं आणि अपडेट-ग्रब चालवायचं. लॅपटॉपवर मात्र असं सरसकट करू नका.

वजा ७१ आणि वायर

नोंदीत "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड" असं काही आणि शेवटी एरर वजा ७१ किंवा वजा ११० दिसलं, तर माऊस लागतो आहे पण ओळख देता देता अडखळतो आहे. इथे वायर, प्लग किंवा पोर्ट तपासा. वायर बहुतेकदा माऊसच्या तोंडाशीच तुटते, जिथे ती रोज वाकते. नोंद चालू ठेवून तिथेच हळू वाकवून पाहा, ओळी धडाधड यायला लागल्या तर उत्तर मिळालं. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आतून एका बारीक वायरने जोडलेले असतात, ती सैल होते. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, माऊस नेहमी तिथेच लावा. उंदरांनी कुरतडलेली वायर आमच्याकडे दोनदा निघाली आहे.

एका क्लिकचे दोन क्लिक

हा आजार खरोखर माऊसचाच असतो. डावं बटण हजारो वेळा दाबलं जातं. आतल्या छोट्या स्विचची पट्टी थकते, पावसाळ्याच्या दमटपणात तिच्यावर थर बसतो, आणि एकदा दाबलं की ती दोनदा टेकते. फोल्डर एका क्लिकमध्ये उघडतो, फाइल ओढताना मध्येच सुटून भलत्या जागी पडते.

खात्री करायची तर लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाका आणि सुडोने "लिबइनपुट" व "डीबग-इव्हेंट्स" चालवा. दुसऱ्या शब्दात मध्ये आडवी रेघ आहे. बटण एकदा दाबा. "प्रेस्ड" आणि "रिलीज्ड" अशी एकच जोडी यायला हवी. तीस-चाळीस मिलिसेकंदांत दुसरी जोडी आली तर ते बोटाचं काम नाही, स्विचचं आहे. लिबइनपुट, म्हणजे लिनक्समधला माऊस-कीबोर्ड सांभाळणारा भाग, अगदी जवळजवळचे असे ठोके स्वतःच गाळतं, म्हणून सुरुवातीचा बिघाड लिनक्सवर उशिरा जाणवतो. जेव्हा जाणवतो, तेव्हा स्विच बराच गेलेला असतो.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा काही आठवडे उपयोगी पडतो. कायमचा उपाय म्हणजे स्विच बदलणं. तालुक्याला मोबाईल दुरुस्तीवाले तो सोल्डर करून देतात, उजवं बटण कमी वापरलेलं असतं म्हणून तिथला स्विचही डावीकडे लावता येतो. तोवर माऊसच्या सेटिंगमध्ये डावखुऱ्यांसाठीचा पर्याय निवडा. बटणांची अदलाबदल होते आणि चांगलं बटण मुख्य कामाला येतं.

कर्सर उडतो, थरथरतो

दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की आमच्याकडे कापसाचे तंतू सगळीकडे असतात, कपड्यांवर, केसांत, टेबलावर. एक तंतू माऊसच्या खालच्या भोकात शिरला की कर्सर जागेवर थरथरतो किंवा आपोआप सरकतो. माऊसमधला छोटा कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाची चित्रं घेऊन हालचाल ओळखत असतो आणि तो तंतू प्रत्येक चित्रात येतो. फुंकर मारू नका, थुंकी आत जाते. कोरड्या मऊ ब्रशने काढा. काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर खाली वहीचा पुठ्ठा ठेवा.

बिनतारी माऊस अडखळत असेल तर आधी सेल बदला. मग रिसिव्हर कुठे लावला आहे ते पाहा. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टमधून, विशेषतः पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क चालू असताना, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंधळ निघतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलं होतं. बहुतेक बिनतारी माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. रिसिव्हर काळ्या पोर्टमध्ये लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर माऊसजवळ आणा.

फॉर्म अर्धा भरलेला असताना

माऊस गेला आणि वेळ नाही, तर फॉर्म सोडू नका. टॅबने पुढच्या रकान्यात, शिफ्ट-टॅबने मागे, स्पेसने खूण, एंटरने बटण, असा बहुतेक फॉर्म पूर्ण होतो. त्यापेक्षा चांगली सोय मिंटच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत माऊसच्या भागात आहे: कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी कर्सर हलवणं. ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे आणि ५ म्हणजे क्लिक. चालत नसेल तर नमलॉक बंद करून पाहा. हे माऊस चांगला असतानाच सुरू करून ठेवा, आम्ही सहाही मशीनवर करून ठेवलं आहे.

वायर काढून लावूनही माऊस परत येत नसेल तर त्याचा ड्रायव्हर पुन्हा चढवता येतो: सुडो, मॉडप्रोब, वजा आर, यूएसबीएचआयडी, मग अर्धविराम चिन्ह, आणि त्याच ओळीत पुन्हा सुडो, मॉडप्रोब, यूएसबीएचआयडी. दोन्ही भाग एकाच ओळीत लिहूनच एंटर दाबा. पहिला भाग चालला की यूएसबी कीबोर्डही बंद होतो, आणि दुसरा भाग लिहिलेला नसेल तर तो टाइप करायला हातात काहीच उरत नाही.